विरळणीचं सागवान: वाशांना बिनधास्त, चौकटीला नको

टिंबर मार्केटातल्या एका वखारीत दोन तऱ्हेचा माल मिळतो. एक, सागाच्या लागवडीतल्या विरळणीचा, म्हणजे दाटी कमी करायला मधली झाडं काढतात त्याचा, गोल माल. दुसरा, पाडलेल्या वाड्यांच्या तुळया आणि वासे. गल्ल्यावर दोन्हीला 'सागवान' एवढंच म्हणतात, आणि गिऱ्हाईक फसतं ते इथंच.

लागवडीत साग बहुधा २ बाय २ मीटरवर लावतात, म्हणजे हेक्टरी २५०० रोपं. शेंडे एकमेकांत घुसले की पहिल्या विरळणीत तिरक्या ओळी एकाआड एक काढतात. नंतरच्या खेपेला वाकडी, दबलेली झाडं जातात. त्यामुळे मालात बाक आणि गाठी असणारच, त्यावरून वखारवाल्याशी वाद घालू नका. खरी अडचण गाभ्याची, म्हणजे आतल्या पक्क्या लाकडाची आहे. कोवळ्या सागाला गाभ्यावरचं पांढरं, कच्चं लाकूड जास्त. २२ इंच घेराचा नग घ्या: व्यास ७ इंच, दोन्ही बाजूंनी इंच-इंच पांढरं गेलं की गाभा उरला ५ इंच. ५ बाय ३ इंचाची चौकट निघायला गाभाच ५ इंच ७ सूत (८ सूत म्हणजे एक इंच) व्यासाचा लागतो. तरीही चौकट काढली तर कोपरे पांढरे राहतात. त्यातल्या स्टार्चवर लाकूड पोखरणारा भुंगा येतो आणि चौकटीखाली बारीक पीठ पडायला लागतं. मग वरून पॉलिश मारून काही होत नाही. पांढरं ठेवायचंच असेल, तर कापल्यावर लगेच बोरॅक्स-बोरिकच्या पाण्यात मुरवायचं, तेही घराच्या आतल्या कामापुरतं. पावसात ते धुऊन जातं.

छपराचे वासे, मांडव, व्हरांड्याचे खांब यांना मात्र हा माल चोख आहे. टोकांना ऑइल पेंट लावून, मध्ये पट्ट्या घालून सावलीत वाळवा, नाहीतर टोकं चिरतात.

मोजणी घेराच्या चौथाईनं होते. २४ इंच घेर, ८ फूट लांबी: ६ गुणिले ६ गुणिले ८, भागिले १४४, म्हणजे २ घनफूट. इथं टेप मधोमध लावतात, हे चांगलं. पण लावतात सालीवरूनच! २ सूत जाडीची साल घेर दीड इंचानं वाढवते, आणि याच नगात सुमारे पाव घनफुटाचे पैसे सालीला जातात. साल तासून मोजायला सांगा. कुरकुरतात, पण मोजतात.

वाड्याच्या मालाला आमची पसंती चौकटीसाठी. गाभा भरलेला, वाळलेला, पावसाळ्यात दार अडकायची भीती कमी. भिंतीत गाडलेलं टोक हातोडीनं वाजवून बघा. आवाज बद आला तर आत वाळवीनं पोखरलंय, तेवढा भाग मापातून वजा करून घ्या. मोडके खिळे आत राहतात, मेटल डिटेक्टर फिरवल्याशिवाय आऱ्यावर चढवू नका. पातं गेलं की गिरणीवाला भरपाई तुमच्याकडूनच मागतो. जोडाची भोकं आणि रंध्याची घट धरून चौकटीच्या मापापेक्षा जाड तुळई निवडा.

कागदपत्रांत वखार नीट आहे: गोल मालावर वनखात्याच्या हातोड्याचा शिक्का, वाहतूक पासची प्रत मागितली की मिळते. दुसरीकडे कुणी 'राधानगरीच्या जंगलातला माल' म्हणून स्वस्तात देत असेल, तर तिथून निघा. ते अभयारण्य आहे, तिथलं लाकूड बाजारात यायचं कारणच नाही.