फिशआय घ्यावी की साधी वाइड? छोट्या कॅमेऱ्याने रात्रीचं आकाश टिपणाऱ्यांसाठी

डिसेंबर लागला, मिथुन उल्कावर्षावाचे बेत शिजायला लागले, की ओळखीतलं कोणीतरी विचारतंच, "कॅमेरा छोटाच आहे माझा. त्याला फिशआय घेऊ का?" मी उलट विचारतो, "आकाश कुठलं काढणार?" समोरच्याला वाटतं, हा उत्तर टाळतोय. पण सगळं तिथेच ठरतं. फिशआय म्हणजे १८० अंशांपर्यंत दाखवणारी, पण कडेच्या रेषा वाकवणारी फुगीर लेन्स; साधी वाइड कमी रुंद, पण रेषा सरळ ठेवणारी.

आधी छोटा कॅमेरा म्हणजे कोणता ते बोलू. सोनीच्या आरएक्स१०० मालिकेसारखा खिशात मावणारा, एक इंची सेन्सरचा, लेन्स न निघणारा कॅमेरा असेल तर हा प्रश्नच सोडून द्या. पुढून अडकवायचे फिशआय कन्व्हर्टर मिळतात, पण मी वापरलेल्यात कडेचे तारे धूमकेतूसारखे शेपटी फुटून यायचे. निकॉनचा एफसी-ई८ हा कूलपिक्ससाठीचा कन्व्हर्टर एके काळी नावाजलेला होता. १८३ अंश दिसायचं त्यातून, आणि जंगलाचे अभ्यासक झाडांच्या छताचे फोटो काढायला तो वापरायचे. ते मात्र दिवसाउजेडीचं काम. खिशातल्या कॅमेऱ्याची स्वतःची लेन्स एफ/१.८ ची असेल (हा आकडा लहान, तितका प्रकाश जास्त), तर ट्रायपॉडवर ठेवून १५ सेकंदांत मृग नक्षत्र छान येतं. पहिलं वर्ष तेवढ्यावर काढा.

खरी निवड आहे ती मायक्रो फोर थर्ड्सच्या, म्हणजे मध्यम सेन्सरच्या आणि लेन्स बदलता येणाऱ्या, छोट्या मिररलेसवाल्यांना. एकीकडे सॅमयांगची ७.५ मिमी एफ/३.५ फिशआय, दुसरीकडे त्याच कंपनीची १२ मिमी एफ/२ ची साधी वाइड. (मिमीचा आकडा म्हणजे फोकल लेंग्थ; तो लहान, तितकी लेन्स रुंद.) दोन्ही हाताने फोकस करायच्या, दोन्ही एका मुठीत मावणाऱ्या.

फिशआयचा कोपरा ते कोपरा कोन १८० अंश, आडवा १४० च्या आसपास. १२ मिमीचा आडवा कोन ७० च्या थोडा वर. म्हणजे फिशआय तिपटीहून जास्त आकाश गिळते. थंडीत रात्री अकराला उत्तरेकडे ब्रह्महृदय आणि दक्षिणेला अगस्त्य दोन्ही वर असतात. त्यांच्यात जवळजवळ १०० अंशांचं अंतर. मधे रोहिणी, मृग, व्याध. हा सगळा पट एका चौकटीत बसवायचा तर फिशआयच हवी. १२ मिमीच्या कर्णातसुद्धा तो मावत नाही.

आता दुसरी बाजू, जी दुकानात कोणी सांगत नाही. ७.५ ला ३.५ ने भागा: प्रकाश आत यायचं भोक २.१ मिमीचं. मोहरीच्या दाण्यापेक्षा जेमतेम मोठं. १२ ला २ ने भागलं की ६ मिमी, म्हणजे अंधाराला सरावलेल्या डोळ्याच्या बाहुलीएवढं. क्षेत्रफळात फरक आठपट. तारा हा ठिपका असल्यामुळे त्याचा किती प्रकाश गोळा होतो ते या भोकावर ठरतं. म्हणून फिशआयच्या फोटोत आकाश मोठं, पण तारे कमी आणि फिके, असं होतं.

यातलं थोडं वेळाने भरून निघतं. पृथ्वी फिरते म्हणून तारे तासाला १५ अंश सरकतात. लेन्स जितकी रुंद तितकं ते सरकणं फोटोत कमी दिसतं. पाचशेला फुलफ्रेमच्या, म्हणजे ३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरच्या, हिशोबातल्या फोकल लेंग्थने (इथे मिमीच्या आकड्याच्या दुपटीने) भागायचा जुना नियम फिशआयला ३३ सेकंद देतो, १२ मिमीला २१. मी त्यावर विसंबत नाही. स्क्रीनवर झूम केलं की तारे तांदळासारखे लांबट दिसतात. फिशआयला २० सेकंद आणि आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ३२००, १२ मिमीला १२ सेकंद आणि १६००, हे माझे आकडे. दोन्हींत आकाशाचा उजेड जवळपास सारखा येतो, फिशआयमध्ये रवा, म्हणजे नॉइजचे दाणे, जास्त दिसतो इतकंच.

आकाशगंगेचा गाभा काढायचा असेल तर मी बिनदिक्कत १२ मिमी सांगेन. मे महिन्यात मध्यरात्रीनंतर ज्येष्ठा, मूळ आणि धनु राशी दक्षिणेला येतात; आपल्या अक्षांशावरून गाभा चाळीसेक अंशांवर चढतो. कॅमेरा उभा धरला की क्षितिजावरच्या डोंगरापासून गाभ्याच्या बऱ्याच वरपर्यंत सगळं नीट बसतं. फिशआयमध्ये तोच गाभा मधोमध बोटभर पांढुरका डाग होतो. "नंतर सॉफ्टवेअरने सरळ करू" असा विचार असेल तर सोडा. कडा ताणल्या जातात, आणि सरळच करायचं तर सरळ लेन्सच का घेऊ नये?

उल्कांसाठी मात्र मन दोन्हीकडे ओढतं. फिशआय जास्त आकाशावर पहारा ठेवते, पण त्या मोहरीएवढ्या भोकातून फक्त ठळक उल्का उमटतात. उल्का क्षणात जाते, तिथे लांब एक्सपोजरचा उपयोग नसतो. दोन वर्षांपूर्वी भंडारदऱ्याला रात्रभर फिशआय लावून ठेवली होती. डोळ्यांनी मोजलेल्या उल्कांपैकी फारच थोड्या फोटोत सापडल्या. सापडला तो एक अग्निगोल, आणि त्याच फोटोत खालच्या कोपऱ्यात ट्रायपॉडचा पाय आणि माझ्या चपलेचं टोक. १८० अंशांत तुम्ही स्वतःही येता, हे अंधारात ध्यानात राहत नाही. शेजारच्याने मोबाइल काढला तरी तो येतो.

गावांचा उजेडही असाच येतो. भंडारदऱ्याहून ध्रुवतारा एकोणीस-वीस अंशांवर, आणि बरोबर त्याच्याखाली नाशिककडचा पिवळा फुगवटा. १२ मिमी दक्षिणेकडे वळवली की तो पाठीमागे जातो. फिशआय वर रोखली की तो एका कडेला बसलेलाच असतो. म्हणून मी आधी आकाशाबद्दल विचारतो. पेंचला, जिथे जानेवारी २०२४ मध्ये भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क जाहीर झालं, तिथे किंवा लडाखात हानलेला जाणार असाल तर फिशआय जरूर न्या. मुंबईजवळच्या वांगणीच्या माळावर तिचा निम्मा फोटो कल्याण-बदलापूरला जाईल.

तारकामार्ग, म्हणजे सरकत्या ताऱ्यांच्या रेघा, काढायचे असतील तर गणित पुन्हा फिरतं. त्यात फिकट ताऱ्यांची गरजच नसते; उलट कमी रेघा आल्या तर चित्र मोकळं दिसतं. ध्रुवाभोवतीची वर्तुळं आणि कडेला सरळ होत जाणाऱ्या रेघा फिशआयमध्ये एकत्र येतात. ऑलिंपसच्या बऱ्याच मॉडेलांत लाइव्ह कंपोझिट, म्हणजे ओळीने काढलेले फोटो आपोआप एकत्र करायची सोय, आहे, रेघा वाढताना स्क्रीनवर दिसतात. ते नसेल तर एकामागून एक फोटो काढायचे, पण लाँग एक्सपोजर नॉइज रिडक्शन (रवा कमी करायची कॅमेऱ्यातली सोय) आठवणीने बंद करा. नाहीतर दर ३० सेकंदांच्या फोटोनंतर कॅमेरा आणखी ३० सेकंद स्वतःशीच खेळत बसतो आणि रेघा तुटक येतात.

ऑलिंपसची ८ मिमी एफ/१.८ फिशआय हा मधला मार्ग आहे. भोक ४.४ मिमी, म्हणजे अंधाराची अडचण बरीचशी सुटते. पण वजन ३१५ ग्रॅम, आणि किंमत अशी की घरात विषय काढायला मुहूर्त बघावा लागेल.

घेताना एक बघा: हाताने फोकस करायच्या लेन्सवरची अनंताची खूण बऱ्याचदा नेमकी नसते. माझ्या फिशआयवर खरा अनंत खुणेच्या केसभर अलीकडे येतो. व्याधावर रोखून, स्क्रीन मोठी करून तो शोधला आणि रिंगवर नेलपॉलिशचा ठिपका लावला. आणि फुगीर काचेवर फिल्टर लागत नाही, हूडही नावापुरतं. दव पडायला लागलं की आधी तीच धुरकटते. मी पायमोज्यात हँड-वॉर्मर घालून लेन्सभोवती गुंडाळतो. रबर बँड दोन ठेवा. पहिला गवतात पडला की सापडत नाही.