घाटावर दिसलेला भाऊ: खरा आत्मा ठेवायचा की मनाचा भास?

अद्भुत कादंबरी लिहायला घेतली की चार-पाच प्रकरणांत कुणीतरी मेलेलं माणूस दिसायला लागतंच. लेखक ते मोठ्या हौसेने आणतो आणि ठरवायचं मात्र पुढे ढकलतो. हा खरंच परत आलाय, की बघणाऱ्याचं डोकं फिरलंय? हा निर्णय लांबला की कादंबरी मधेच लंगडायला लागते, म्हणून दोन्ही बाजू शेजारीशेजारी ठेवून बघू.

समजा, गोष्ट नाशिकची आहे. गोदावरीच्या पुरात, पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या डोक्यापर्यंत पाणी चढलं त्या दिवशी, नायिकेचा भाऊ वाहून गेला. देह सापडला नाही. वर्षभराने ती रामकुंडावर येते आणि गांधी तलावाच्या कडेला तो उभा असतो. कादंबरीतल्या जगात मंत्र लागू पडतात, ब्रह्मगिरी डोंगराच्या पोटात काहीतरी जागं आहे. आता तो भाऊ कोण?

सगळ्यांच्या तोंडी असलेला पहिला निकष म्हणजे, आणखी कुणाला दिसतो का? ऐकायला सोपा, वापरायला फसवा. ‘हॅम्लेट’मध्ये राजाचं भूत आधी पहारेकऱ्यांना दिसतं, मग ‘असलं काही नसतं’ म्हणणाऱ्या होरेशिओला आणि नंतर हॅम्लेटला. इथवर आत्म्याची बाजू भक्कम. पण पुढे आईच्या दालनात तेच भूत हॅम्लेटला दिसतं आणि शेजारच्या आईला काहीच दिसत नाही. ‘मॅकबेथ’मध्ये हवेतला खंजीर पाहून मॅकबेथ स्वतःच शंका घेतो की हा आपल्या तापलेल्या डोक्याचा खेळ असावा. मेजवानीत त्याने मारवलेला बँको फक्त त्यालाच दिसतो, पण १६२३च्या छापील प्रतीत भुताने येऊन मॅकबेथच्या जागेवर बसावं अशी स्पष्ट रंगसूचना आहे. म्हणजे पाहुण्यांना दिसत नाही, प्रेक्षकांना दिसतं. शिरवाडकरांनी याच नाटकाचा ‘राजमुकुट’ केला, तेव्हा नाशिककरांना हा पेच परका नाही.

आणि आपल्या पंचवटीने तर हा निकष केव्हाच मोडीत काढलाय. सोन्याचं हरीण सीतेने पाहिलं, रामाने पाहिलं, लक्ष्मणानेही पाहिलं. ‘हा मारीच आहे’ असं लक्ष्मणाने बजावलंसुद्धा. तिघांना दिसलं म्हणजे भास नव्हता, तरी हरीण खोटंच होतं. अद्भुत कादंबरीत हा तिसरा कप्पा कायम उघडा असतो: कुणीतरी मुद्दाम उभी केलेली माया. तुमच्या जगात रूप बदलणारा एक जरी मांत्रिक असेल, तर वाचकाचा पहिला संशय त्याच्यावर जाणार. तो आधी दूर करा किंवा त्याचा उपयोग करून घ्या. नुसतं दुर्लक्ष चालणार नाही.

दुसरा निकष मला जास्त कामाचा वाटतो: दिसणाऱ्याला असं काही माहीत आहे का, जे बघणाऱ्याला माहीत असणं शक्य नाही? हेन्री जेम्सच्या ‘द टर्न ऑफ द स्क्रू’मध्ये (१८९८) मुलांना सांभाळणाऱ्या बाईला दिवंगत नोकर दिसतो. समीक्षक एडमंड विल्सनने १९३४ मध्ये मांडलं की हे सगळं त्या बाईच्या मनातलं आहे. विरोधकांचं उत्तर साधं होतं: तिने त्या नोकराला कधी पाहिलेलं नव्हतं, तरी तिने केलेल्या वर्णनावरून घरातल्या दुसऱ्या बाईने त्याला लगेच ओळखलं. हा वाद अजून मिटलेला नाही. आपल्या भावाने बुडण्यापूर्वी किल्ली कुठे ठेवली हे सांगितलं आणि ती तिथे सापडली, तर भासाची बाजू जवळजवळ संपली. ‘जवळजवळ’ अशासाठी की बहिणीने ती जागा लहानपणी पाहिली असू शकते. ओल्या पावलांचे ठसे मात्र पुरावा म्हणून वापरू नका. रामकुंडाच्या पायऱ्यांवर कोरडी पावलं दिसली तरच कुणी थबकेल.

भास निवडायचा तर तो नीट लिहा

बहुतेक लेखक भास लिहितात तो सिनेमातला असतो: पूर्ण आकृती, लांबलचक संवाद, डोळ्यांत आग. प्रत्यक्षात भासांची स्वतःची तऱ्हा असते. वेल्समधले डॉक्टर डेवी रीस यांनी १९७१ मध्ये २९३ विधवा-विधुरांच्या मुलाखतींवर निबंध प्रसिद्ध केला. त्यातल्या जवळपास निम्म्या लोकांना गेलेल्या जोडीदाराचा काही ना काही अनुभव आला होता. सर्वांत जास्त होती ती नुसती ‘इथेच आहेत’ अशी जाणीव. दिसणं, ऐकू येणं त्याहून कमी, स्पर्श तर क्वचितच. बहुतेकांना त्याचा आधार वाटला होता आणि बहुतेकांनी हे आधी कुणाला सांगितलंच नव्हतं. वेड नाही, शोक आहे. लेखकाने जपावी अशी ही जागा आहे.

दृष्टी अधू झाल्यावर दिसणाऱ्या आकृत्या वेगळ्या. स्विस निसर्गशास्त्रज्ञ चार्ल्स बॉनेने १७६० मध्ये आपल्या आजोबांचं उदाहरण नोंदवलं. मोतीबिंदूने नजर गेलेल्या त्या माणसाला माणसं, पक्षी, इमारती दिसायच्या आणि त्या खऱ्या नाहीत हेही कळायचं. अशा आकृत्या सहसा बोलत नाहीत. तापाच्या ग्लानीतला किंवा धोतऱ्याच्या विषातला भास याच्या उलट असतो. तिथे माणूस नसलेल्याशी गप्पा मारतो आणि त्याला शंकाही येत नाही. तुमचं पात्र यातल्या कोणत्या प्रकारात बसतं ते ठरवा, मग ओळी लिहा.

चकव्याची गोष्टही इथेच सांगतो. रानात वाट चुकून माणूस फिरून त्याच झाडाशी येतो, याला आपण चकवा लागला म्हणतो. जर्मनीतल्या संशोधकांनी २००९ मध्ये जंगलात आणि सहारा वाळवंटात माणसांना चालवून पाहिलं. सूर्य किंवा चंद्र दिसत नसला की सरळ जातोय असं वाटत असतानाही ती गोल फिरत होती. हे कळल्याने चकव्याची भीती कमी होत नाही, माझी तरी झाली नाही. अंजनेरीच्या रानात धुकं उतरल्यावर हा प्रसंग लिहा, वैज्ञानिक कारण कथेत कुठेही न सांगता.

भासाची किंमत अशी की शेवटी ‘हे सगळं मनाचं होतं’ म्हटलं तर वाचक पैसे परत मागतो. तीनशे पानं ज्या जगात मंत्र चालले, तिथे एकाएकी डॉक्टर बरोबर कसे? म्हणून अद्भुत कादंबरीत भास सिद्ध करायला आत्म्यापेक्षा जास्त मेहनत लागते. पहिल्या पन्नास पानांतच ताप, अनेक रात्रींचं जागरण किंवा औषध दिसायला हवं. आणि भास होणाऱ्या माणसाला खुनी करण्याचा जुना मोह टाळलेला बरा.

आत्मा निवडायचा तर त्याला कायदे हवेत

इथे मराठी लेखकाला आयतं घर मिळतं. मुंज झालेला पण लग्नाआधी गेलेला मुंजा पिंपळावर, बाळंतपणात गेलेली हडळ, पुरलेल्या धनावर बसलेला समंध. प्रत्येकाचं ठिकाण आणि अडलेली इच्छा ठरलेली. नाशिकमध्ये तर मेलेल्यांचा सगळा कारभार आहे. रामकुंडात अस्थी जातात, घाटावर दशक्रिया होतात, कावळा पिंडाला शिवला नाही की नातेवाईक हात जोडून काय राहिलं ते विचारतात. देह न सापडलेल्यासाठी पळसाच्या पानांचा किंवा दर्भाचा पुतळा करून दहन करतात. अपमृत्यू असेल तर त्र्यंबकेश्वरला नारायणबळी. त्यामुळे तुमच्या कादंबरीत भाऊ घाटावर दिसला की नाशिकचा वाचक पहिला प्रश्न विचारणार: ‘नारायणबळी केला का?’ केला नसेल तर का नाही आणि केला असूनही तो दिसत असेल तर काय चुकलं, याचं उत्तर तुमच्याकडे हवं. खरं तर यातच अर्धं कथानक आहे.

गोष्ट आजची असेल तर आणखी एक बाजू येते. भूत उतरवण्याच्या नावाखाली कुणाला मारहाण करणं हा महाराष्ट्रात २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. भूत खरं असलेल्या तुमच्या जगात हवालदार कुणाला पकडेल? हे लिहिलं तर गोष्ट एकदम जमिनीवर येते.

आत्म्याचा तोटा एकच, पण मोठा: मरण स्वस्त होतं. भाऊ रोज संध्याकाळी भेटायला लागला तर बहिणीने रडावं कशाला? म्हणून भेटीला मोल लावा. तो फक्त पूर असताना दिसतो, किंवा प्रत्येक भेटीत तिच्याकडची एक आठवण जाते, असं काहीतरी.

दोन्ही शक्यता शेवटपर्यंत तरंगत ठेवायचा मार्गही आहे. समीक्षक त्झ्वेतान तोदोरोव्हने १९७० मध्ये अशा संभ्रमालाच अद्भुताचा गाभा मानलं. दीर्घकथेत हे झकास जमतं. तीन खंडांच्या मालिकेत वाचक कंटाळून स्वतःच निकाल देतो.

माझी निवड विचाराल तर मी एक प्रश्न विचारतो: हवंय कुणाला? दिसणारा माणूस बघणाऱ्याच्या मनातलंच बोलत असेल, माफ करत असेल, धीर देत असेल, तर तो भास ठेवा. तो तिच्या मनाविरुद्ध काही मागत असेल तर तो आत्मा, कारण आता त्याला स्वतःची इच्छा आहे. या उदाहरणात मी भावाला खरा ठेवीन आणि भास आईला देईन. बहिणीला घाटावर दिसतो तो भांडतो, माझं पाप उकरून काढ म्हणतो, तिला नको त्या घरी पाठवतो. आईला रोज सातच्या सुमारास दारात त्याच्या सायकलची घंटा ऐकू येते, बाकी काही नाही, आणि ती ते कुणाला सांगत नाही. नारायणबळीचा हट्ट आईच धरणार. विधीनंतर घंटा थांबेल किंवा थांबणार नाही, ते लेखकाने बघावं. भाऊ मात्र त्या दिवशी भांडायला आलाच पाहिजे.