सैंधव मीठ ११ महिने वापरून: काय जमलं, काय नाही

गेल्या जूनमध्ये ऑफिसच्या मेडिकल चेकअपला बीपी १४२/९२ आलं. वय ४४, त्याआधी कधी १३० च्या वर गेलेलं आठवत नाही. डॉक्टर म्हणाले लगेच गोळी नको, तीन महिने मीठ कमी करा, चाला, मग बघू. घरी आले आणि त्याच संध्याकाळी सैंधवाचं एक किलोचं पॅकेट आणलं, कारण नात्यातल्या तीन-चार जणींनी आधीच सांगून ठेवलं होतं की साधं मीठ बंद कर, शेंदेलोण म्हणजे सैंधव चालू कर, बीपी आपोआप उतरतं. मला तेव्हा ते पूर्ण पटलं होतं. आज ११ महिने झाले आणि रोज कोणी ना कोणी हाच सल्ला दुसऱ्या कोणाला देताना ऐकते, म्हणून सगळं नीट लिहितेय.

आधी वस्तूबद्दल. मी फिक्या गुलाबी रंगाची पावडर घेते, किलोला १०० च्या आसपास पडते, म्हणजे आयोडीनवाल्या साध्या मिठाच्या तिप्पट-चौपट. गुलाबी रंग लोहाच्या अंशामुळे असतो. हे मीठ समुद्राचं नाही, जमिनीखालच्या थरातलं, खाणीतून फोडून काढलेलं. सिंधू नदीच्या मुलखातलं म्हणून सैंधव, आणि सगळ्यात नावाजलेली खेवड्याची खाण आज पाकिस्तानच्या पंजाबात आहे. आपल्याकडे हिमाचलच्या मंडी जिल्ह्यात द्रंगलाही खाण आहे. चव साध्या मिठापेक्षा सौम्य, जिभेला बोचत नाही. ताकात, काकडीवर, पेरूवर फारच छान लागतं. पहिल्या पॅकेटमधलं चमचाभर ग्लासभर पाण्यात ढवळून ठेवलं तर तळाला बारीक वाळूसारखा गाळ बसला, वरणात तो दाताखाली कचकन यायचा. दुसऱ्या दुकानातलं घेतलं त्यात गाळ जवळजवळ नव्हता, त्यामुळे नवीन पॅकेट आणलं की ही ग्लासाची परीक्षा करूनच बरणीत भरा. पावसाळ्यात ढेकळं होतात, बरणीत तळाला थोडे तांदूळ टाकले की बऱ्यापैकी मोकळं राहतं.

आता मुख्य गोष्ट. तीन महिने फक्त सैंधव वापरलं आणि ऑगस्टअखेरीस बीपी १४४/९०. काडीचा फरक नाही. चालणं धड सुरू केलं नव्हतं हे कबूल, पण मिठाबद्दल मी इतकी निश्चिंत होते की मला खरंच धक्का बसला. नंतर हिशेब केला तेव्हा कळलं. माझी सवय आहे, किराण्याचं कुठलंही पॅकेट फोडलं की त्यावर पेनाने तारीख टाकायची. साध्या मिठाचं किलोचं पॅकेट आमच्या चौघांत बरोबर महिनाभर जायचं, म्हणजे माणशी दिवसाला ८ ग्रॅमच्या थोडं वर. सैंधवाचं पॅकेट २४ दिवसांत संपत होतं! म्हणजे माणशी १० ग्रॅमच्या पुढे. दाणा जरा जाड, जिभेवर हळू विरघळतो, त्यामुळे आमटी अळणी वाटायची आणि मी अजून अर्धा चमचा टाकायचे, शिवाय "हे तर चांगलं मीठ" म्हणून फळांवर, ताकात, लिंबू सरबतात मोकळ्या हाताने. जागतिक आरोग्य संघटना सांगते दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, आणि त्यात पापड-लोणचं-फरसाण-पाव सगळं आलं.

आणि सैंधवातही ९५ टक्क्यांहून जास्त सोडियम क्लोराइडच असतं. ती ८० च्या वर खनिजं वगैरे सांगतात ती असतील, पण इतक्या सूक्ष्म प्रमाणात की चमचाभर मिठातून शरीराला त्यांचा उपयोग काय होणार, मूठभर पालेभाजीत त्याहून कितीतरी जास्त. बीपीला सोडियम कळतं, रंग कळत नाही.

त्यानंतर मी एका वैद्यबाईंकडे गेले, पचनाच्या तक्रारीसाठी जायचं होतंच. त्यांना म्हटलं, आयुर्वेदात सैंधव सगळ्यात श्रेष्ठ सांगितलंय ना मग असं कसं? त्या म्हणाल्या, सांगितलंय, अगदी खरं आहे. चरकसंहितेत लवणांमध्ये सैंधव सर्वांत हितकर म्हटलंय, आणि साठेसाळी तांदूळ, मूग, आवळा, दूध, तूप यांच्याबरोबर रोज खाण्यासारख्या पदार्थांत त्याचं नाव आहे. अष्टांगहृदय या दुसऱ्या आयुर्वेद ग्रंथात ते हलकं, फार उष्ण नसलेलं, डोळ्यांना हितकर, जळजळ न करणारं, अग्नी वाढवणारं असं वर्णन आहे, आणि समुद्रमीठ मात्र पचायला जड आणि कफ वाढवणारं म्हटलंय. पण हे सगळं मिठांची आपसात तुलना करताना. त्याच चरकसंहितेत विमानस्थान नावाच्या भागाच्या पहिल्याच अध्यायात लिहिलंय की तीन द्रव्यं अति वापरू नयेत, पिंपळी, क्षार आणि लवण. तिथे मीठ म्हणजे मीठ, सैंधवाला वेगळी सूट नाही. अति मिठाने ग्लानी, शिथिलता, दुर्बलता येते, आणि बाल्हीक, सौराष्ट्र, सिंध, सौवीर या त्या काळच्या प्रदेशांतले लोक तर दुधाबरोबरसुद्धा मीठ खातात असं उदाहरण देऊन पुढे टक्कल, पिकलेले केस, सुरकुत्या हे परिणाम सांगितलेत. पहिला श्लोक आपल्याला सगळीकडून फॉरवर्ड होऊन येतो, दुसरा मला ४४ वर्षांत कोणी सांगितला नव्हता. मला याचं मनापासून वाईट वाटलं, कारण दोन्ही एकाच ग्रंथात आहेत आणि आपण आपल्या सोयीचा तेवढा उचलला.

त्याच ठिकाणी पुढे असंही आहे की ज्यांना मिठाची सवय जडलीय त्यांनी ते एकदम तोडू नये, क्रमाने कमी करावं. आणि सवय क्रमाने कशी सोडायची ते त्याच ग्रंथाच्या सूत्रस्थान या भागात आहे, चौथा-चौथा हिस्सा करत, त्याला पादांशिक क्रम म्हणतात. मला या सगळ्यातून मिळालेली खरी कामाची वस्तू ती ही. सैंधवाच्या पॅकेटपेक्षा कितीतरी जास्त उपयोग झाला.

मी तो असा केला. सप्टेंबरात पोळीच्या कणकेतलं आणि भातातलं मीठ बंद. घरात एकालाही कळलं नाही, खरंच. तीन आठवड्यांनी ताटात डाव्या बाजूला मीठ वाढणं बंद, कारण वाढलं की बोट जातंच. सासऱ्यांना हे फार जड गेलं, ताट अपुरं वाटतं म्हणाले, मग त्या जागी लिंबाची फोड आणि कोथिंबिरीची कोरडी चटणी ठेवली, चटणीत मीठ अगदी नावाला. त्यानंतर आमटी-भाजीचं मीठ हाताने टाकायचं सोडून अर्ध्या चमच्याच्या मापाने, आणि दर पंधरा दिवसांनी थोडं कमी. कोशिंबिरीला मीठ अगदी जेवायला बसताना, नाहीतर पाणी सुटतं, मीठ त्या पाण्यात जातं आणि परत वरून घालावं लागतं. पहिले दहा-बारा दिवस सगळं मिळमिळीत लागतं हे आधीच सांगते. मग कधीतरी जीभ बदलते, नोव्हेंबरात बाहेर लग्नाचं जेवण जेवलो तर मुलगी म्हणाली आई भाजी किती खारट आहे, आणि शेजारच्या पंगतीत सगळे मजेत जेवत होते.

एक चूक झाली ती सांगते. मीठ कमी केलं तशी चवीसाठी लिंबू, चिंच, कोकम जास्त घालायला लागले आणि दोन आठवड्यांत छातीत जळजळ. वैद्यबाई म्हणाल्या, लवणाने पित्त वाढत होतं, आता तू आंबटाने वाढवतेयस. मग भाजलेले जिरे-धणे, आलं, थोडी मिरपूड, ओलं खोबरं, तुपाची फोडणी असं केलं आणि ते नीट बसलं.

लपलेलं मीठ हा तर वेगळाच विषय. माझं माहेर पेणच्या बाजूचं, तिकडून दर उन्हाळ्यात पापड, मिरगुंडं, लोणची येतात आणि जेवताना पापड नाही असा दिवस नसायचा. पापडात मीठ तर आहेच, वर पापडखार, तोही सोडियमचाच क्षार. म्हणजे चरकाने सांगितलेल्या तिघांतले दोघे एकाच पापडात! शिवाय खारवलेली मासळी. आणि औषध म्हणून घेतो तेही बघा, सासरे गॅससाठी रोज जेवल्यावर लवणभास्कर चूर्ण घ्यायचे, त्यात सैंधव, समुद्रमीठ, पादेलोण आणि बिडलवण अशी चार मिठं असतात. बीपीची गोळी एका हातात आणि हे चूर्ण दुसऱ्या हातात असं कित्येक वर्षं चाललं होतं. पाण्यात फसफसणारी अ‍ॅसिडिटीची पावडर, तिच्यातही खायचा सोडा. चूर्ण वाईट नाही, वैद्यांनी सांगितलं तर आठ-दहा दिवस जरूर घ्यावं, पण आपल्या मनाने रोज नाही.

सासऱ्यांवरून आठवलं, मध्येच त्यांच्यासाठी मी लो सोडियम मीठ आणलं होतं. त्यात सोडियमच्या जागी बराच भाग पोटॅशियम क्लोराइड असतो. त्यांचं क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्तातली तपासणी) थोडं वाढलेलं आणि बीपीची गोळी अशी की तिने पोटॅशियम शरीरात राहतं, डॉक्टरांना सहज बोलता बोलता सांगितलं तर ते ताबडतोब बंद करा म्हणाले, पोटॅशियम फार वाढलं तर हृदयाच्या ठोक्यांवर येतं. किडनीचा त्रास असलेल्या घरात हे मीठ विचारल्याशिवाय आणू नका, हात जोडून सांगते.

आता आयोडीन, आणि यावर मी सगळ्यात जास्त भांडेन. सैंधवात आयोडीन जवळजवळ नसतं, पॅकेटवर वेगळं लिहिलेलं असेल तरच. मोठ्या माणसाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम लागतं, गरोदरपणात त्याहून बरंच जास्त. आपल्याकडे गलगंड, म्हणजे आयोडीनच्या कमतरतेने गळ्याला येणारी सूज, इतका होता की सरकारने १९६२ मध्ये त्यासाठी राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला, मिठात आयोडीन आलं ते त्यातून. पहिले तीन महिने मी घरातून ते मीठ पूर्ण काढून टाकलं होतं आणि घरात १३ वर्षांची मुलगी आहे. हा विचार माझ्या डोक्यातच आला नाही, याचं मला अजूनही वाईट वाटतं. आमच्याकडे मासे, दूध, अंडी असतात म्हणून तिच्या टेस्टमध्ये काही निघालं नाही. शुद्ध शाकाहारी घरात, तेही दूध कमी असेल तर, जास्त जपा. आणि मीठ कमी खायचं ठरवलं असेल तर जे थोडं खातो ते आयोडीनचं असणं उलट जास्त गरजेचं आहे.

म्हणून सप्टेंबरपासून ओट्यावर दोन बरण्या आहेत. रोजच्या स्वयंपाकाला आयोडीनवालं, घट्ट झाकणाच्या बरणीत, आणि भाजी-आमटी उतरवताना शेवटी घालते कारण उष्णतेने आणि दमटपणाने आयोडीन उडतं. सैंधव ताकाला, कोशिंबिरीला, उपवासाला, आणि पोट जड असेल तेव्हा हिंग्वाष्टक चूर्ण पहिल्या घासाला तुपाबरोबर, त्यात सैंधव असतंच. पचनाला सैंधव मला मानवलं, हे मी मनापासून सांगेन. साध्या मिठाच्या ताकाने मला नंतर तहान तहान व्हायची ती सैंधवाने होत नाही. दुसऱ्या कोणाला होईलच असं नाही.

आकडे: फेब्रुवारीत १२८/८२, गेल्या आठवड्यात १२६/८०. गोळी लागलेली नाही. पण ऑक्टोबरपासून मी रोज ४० मिनिटं चालते, तीन किलो वजनही उतरलंय, त्यामुळे यातलं मिठाचं किती आणि चालण्याचं किती ते मला वेगळं काढता येणार नाही. दोन्ही बरण्या मिळून किलोभर मीठ आता ५२ दिवस जातं, माणशी ५ ग्रॅमच्या किंचित आत, बाहेरचं खाणं वेगळं. सकाळी बोटांतली अंगठी घट्ट व्हायची ती आता होत नाही. ज्यांना गोळी चालू आहे त्यांनी मीठ कमी केलं म्हणून ती आपल्या मनाने सोडू नका, माझ्या ओळखीत एकांनी सोडली आणि हॉस्पिटलमध्ये जावं लागलं.

गुण द्यायचे तर चवीला आणि पोटाला सैंधवाला ५ पैकी ४. बीपीसाठी शून्य, तो त्याचा दोष नाही, त्याच्याबद्दल आपण जे पसरवतो त्याचा आहे. किमतीला ३. परत घेणार का, तर हो, पण अर्धा किलोचं.

परवा आईचा फोन आला, पापड करायला घेतलेत, तुझ्यासाठी किती? मी सगळा हिशेब सांगितला, क्षार, लवण, ग्रॅम. ती जरा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली किलोभर उडदाला किती मीठ घालते ते मी कधी मोजलंच नाही गं, हातालाच माहीत. दुसऱ्या दिवशी तिने शेजारच्या काकूंकडचा वजनकाटा आणून मोजलं. मीठ पाऊण करून एक वेगळा घाणा केलाय, पुढच्या रविवारी दादा घेऊन येईल.