५० मीटर प्रोनसाठी (पालथं पडून रायफल नेमबाजी) ॲडजस्टेबल ॲल्युमिनियम स्टॉक: काही महिन्यांच्या वापरानंतर

लाकडी स्टॉक (रायफलची नळी बसवलेला, खांद्याला टेकणारा सांगाडा) सोडून ॲल्युमिनियमचा घेतला म्हणून गुण वाढतात, हा गैरसमज आधी काढून टाका. याचा फायदा एकच: रायफल मिलिमीटरच्या हिशेबाने अंगाला बसवता येते. ५० मीटरच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ जेमतेम १०.४ मिमीचं असतं, त्यामुळे तोही काही थोडाथोडका नाही.

बहुतेक जण सेटिंगची सुरुवात चीकपीसपासून (स्टॉकवरचा गाल टेकवायचा भाग) करतात आणि तिथेच घोळ होतो. आधी पोझिशन ठरवा. उजव्या हाताने नेम धरणाऱ्याने टार्गेटच्या रेषेला थोडं तिरकं पडावं, उजवा गुडघा वर ओढून घ्यावा. पोट मॅटवरून सुटतं आणि श्वासाचा हिसका कमी होतो. मग स्लिंग (दंडाला बांधून रायफलला जोडायचा पट्टा) आणि हँडस्टॉप (डावा हात अडवणारा स्टॉकखालचा ठोकळा). हँडस्टॉप पुढे सरकवला की रायफल खाली येते, मागे घेतला की वर जाते; दर वेळी स्लिंगही त्या मानाने सैल-घट्ट करावी लागते. फार पुढे नेऊ नका: नियमाप्रमाणे डाव्या हाताचा कोन जमिनीशी ३० अंशांपेक्षा कमी चालत नाही. फ्रंट साइट (नळीच्या टोकावरची नेमाची खूण) नाडीच्या तालावर टकटक उडत असेल तर स्लिंग दंडाच्या आतल्या बाजूला दाबतेय. ती बाहेरच्या बाजूला फिरवा, थोडी वर चढवा.

त्यानंतर बटप्लेट (स्टॉकचं खांद्याला टेकणारं टोक). मान वाकवून डोकं खाली न्यावं लागत असेल तर बटप्लेट खाली उतरवा, म्हणजे रायफलच वर येते. स्टॉकची लांबी कमी पडली तर नाक डायॉप्टरला (डोळ्याजवळची बारीक भोकाची साइट) टेकतं. जास्त झाली तर खांदा मागे ढकलला जातो. चीकपीस सगळ्यात शेवटी: डोळे मिटून गालाचं पूर्ण वजन टाका, उघडा. फ्रंट साइट डायॉप्टरच्या मधोमध आपसूक दिसली पाहिजे.

नेम बाजूला जात असेल तर हाताने ढकलू नका. डावं कोपर जागेवर ठेवून कंबर सरकवा. नेम वर राहत असेल तर अंग किंचित पुढे, खाली राहत असेल तर मागे. शॉटनंतर फ्रंट साइट परत त्याच टार्गेटवर येते का, हीच खरी परीक्षा. शेजारच्या टार्गेटकडे जाऊन थांबत असेल तर पोझिशन ताणलेली आहे. गट (टार्गेटवरच्या गोळ्यांच्या भोकांचा पुंजका) उभा पसरत असेल तर आधी स्लिंगचं बकल आणि कोपराखालची मॅट बघा. घामाने दोन्ही सरकतात.

तक्रार करायची तर स्क्रूंची. बटप्लेटचे आणि चीकपीसचे स्क्रू हळूहळू ढिले होतात, आणि कळतं ते गट फुटल्यावर. म्हणून प्रत्येक जोडावर पेंट मार्करची बारीक रेघ मारावी. स्वप्निल कुसाळेच्या २०२४ च्या पॅरिस ब्रॉंझमुळे माहीत झालेली थ्री पोझिशन करणाऱ्यांना ही रेघ हवीच: नीलिंग (गुडघ्यावर बसून), प्रोन, स्टँडिंग (उभं राहून) अशी तिन्ही सेटिंग्ज एकाच मॅचमध्ये बदलायची असतात. प्रत्येकीला वेगळा रंग ठेवा, आणि ॲलन की किटबॅगच्या तळाशी नको, खिशात हवी.