घरून रक्त नेणारी साइट, आठ महिन्यांनंतर: सॅम्पल वेळेवर, पण आईचा नंबर गावभर

मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ च्या घरात होता. उपाशीपोटी आईला त्रिमूर्तीनगरहून धंतोलीच्या लॅबमध्ये नेण्याची हिंमत होईना, म्हणून ही साइट धरली. सेवेबद्दल तक्रार नाही. सकाळी सातला सांगितलं की सातला मुलगा दारात, सुई हलक्या हाताने, संध्याकाळपर्यंत रिपोर्ट मोबाइलवर. पहिल्या बुकिंगला १५० रुपये सूटही मिळाली. जूनमध्ये मी चार नातेवाइकांना हीच साइट सुचवली होती.

ऑगस्टमध्ये एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी चाचणी, केली. तिसऱ्या दिवशी दुपारी आईला एका बाईंचा फोन आला, ‘काकू, शुगर वाढली आहे ना, आमचं पॅकेज घ्या.’ आई घाबरून माझ्याकडे आली. ‘माही शुगर त्याइले कोनं सांगतली?’ डॉक्टरांना रिपोर्ट दाखवायचाच होता अजून. त्यानंतर दिवसाला चार-पाच फोन: औषधं, विमा, गुडघ्याचा पट्टा. जाहिरातीचे फोन थांबवायला १९०९ वर नोंद केली, पण फरक पडला नाही. जाहिरातीच्या फोनसाठी १४० ने सुरू होणारे नंबर ठरलेले आहेत. हे सगळे साध्या मोबाइल नंबरांवरून येत होते.

माझा संशय सॅम्पल नेणाऱ्या मुलावर गेला. पुढच्या वेळी त्याला पाणीही विचारलं नाही, तोडून बोललो. ती माझी चूक होती. खातं उघडताना मी जीमेलच्या पत्त्यात नावापुढे अधिकचं चिन्ह आणि ‘रक्त’ हा शब्द इंग्रजी अक्षरांत जोडला होता. असा पत्ता दिला तरी मेल आपल्याच पेटीत येतो आणि कुठे दिलेला पत्ता फिरतो आहे ते कळतं. सप्टेंबरमध्ये एका विमा एजंटचा मेल नेमका त्याच पत्त्यावर आला. तो पत्ता त्या मुलाने कधी पाहिलाच नव्हता. नंतर तो आला तेव्हा त्याची माफी मागितली.

मग साइट नीट पाहिली. पैसे भरायच्या बटणाखाली बारीक अक्षरांत एक चौकोन आहे: ‘भागीदारांसोबत माहिती वापरण्यास संमती’. त्यात टिक आधीच केलेली असते. आठ महिन्यांत मी या चौकोनाबद्दल जितका विचार केला तितका रिपोर्टमधल्या आकड्यांबद्दलही केला नसेल. बुकिंगच्या घाईत, सकाळच्या वेळा संपत असताना, तो कुणाला दिसणार? आणि धोरणाचं लांबलचक पान फक्त इंग्रजीत. रक्त आईचं, आजार आईचा, आणि तिला वाचता येईल असं एक वाक्य तिथे नाही.

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात संमती स्पष्ट कृतीतून दिलेली हवी, सूचना राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषांत वाचण्याचा पर्याय हवा, आणि संमती जितक्या सहज दिली तितक्याच सहज मागे घेता यायला हवी. मराठी त्या २२ भाषांत आहे. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, पण संमतीची ही कलमं लागू व्हायला तिथून १८ महिन्यांची मुदत आहे. तोवर आपणच डोळे उघडे ठेवायचे.

खातं काढून टाका म्हटलं तर मदत कक्षाने आधारची प्रत मागितली. ओटीपीवर उघडलेलं खातं ओटीपीवर बंद का होत नाही? स्वतःची माहिती काढून टाका म्हणणाऱ्या माणसाकडून आणखी माहिती मागायची, याचा मला सगळ्यात जास्त राग आला. शेवटचे चारच आकडे दिसणारं मास्क्ड आधारसुद्धा पाठवलं नाही. धोरणाच्या तळाशी तक्रार अधिकाऱ्याचा ईमेल सापडला, त्यावर मराठीतच लिहिलं.

मला उत्तराची आशा नव्हती. नवव्या दिवशी एका बाईंनी स्वतः फोन केला, तोही मराठीत. आधी आईचे सगळे रिपोर्ट एकत्र करून मेलवर पाठवले, जपून ठेवा म्हणाल्या, मग ओटीपी घेऊन खातं काढून टाकलं. आधार नाही, फॉर्म नाही. मी त्या दिवशी एक स्टार देऊन मोकळा होणार होतो, थांबलो.

डिसेंबरमध्ये नव्या शब्दाचा पत्ता घालून, टिक काढून पुन्हा खातं उघडलं. अजून त्या पत्त्यावर एकही भलता मेल आलेला नाही. म्हणून सेवेला चार स्टार, त्या चौकोनाला शून्य, मिळून दोन. बुकिंग करणार असाल तर पैसे भरण्याआधी तळापर्यंत सरकवा आणि टिक काढा. १५० रुपयांची सूट मला फार महागात पडली.

कारण जे आधीच बाहेर गेलं ते साइटने खातं काढून टाकल्यावरही परत आलं नाही. आईचा नंबर चौदा वर्षांचा, पासबुकापासून गॅसच्या पुस्तकापर्यंत सगळीकडे तोच, बदलता येत नाही. आता ती अनोळखी फोन उचलतच नाही. गेल्या आठवड्यात उमरेडच्या मामांनी नव्या सिमवरून तीनदा लावला, तोही तिने वाजू दिला.