पाच व्होल्टवर कोणता ऑप-अँप: ७४१, एलएम३५८ की एमसीपी६००२?

तापमान मोजणारा एलएम३५ सेन्सर, पुढे त्याचं व्होल्टेज दहापट वाढवणारा ऑप-अँप (म्हणजे दहाचा गेन), मग ते वाचणारा आर्डुइनो उनो बोर्ड. डिप्लोमाच्या प्रोजेक्टांत हे सर्किट हमखास दिसतं. थंडीत ते झकास चालतं. चंद्रपूरच्या उन्हाळ्यात पारा ४४ अंशांवर जातो आणि डिस्प्ले मात्र ३६-३७ वर अडून बसतो. मग सेन्सरला शिव्या. तो बिचारा ४४ अंशांचे ४४० मिलिव्होल्ट बरोबर देत असतो. त्याच्या दहापट, म्हणजे ४.४ व्होल्ट हवेत. पाच व्होल्टवरचा एलएम३५८ साडेतीन-पावणेचारच्या वर जातच नाही.

ऑप-अँप सप्लायमधलंच व्होल्टेज पुढे सोडतो आणि सोडताना आपला वाटा कापून घेतो. एलएम३५८ वरच्या बाजूला सव्वा ते दीड व्होल्ट खातो. खाली मात्र आउटपुटवरचा भार हलका असला की ग्राउंडच्या काही मिलिव्होल्ट जवळ उतरतो. त्याची खरी कमाई तीच.

७४१ इथे नकोच. १९६८ सालचा हा आयसी ±१५ व्होल्टसाठी घडलेला. तिथेही १० किलोओहम भाराला हमी ±१२ व्होल्टचीच. पाच व्होल्टमधून वर-खाली दोन्हीकडची कपात केली की उरतं काय? शिवाय त्याचे इनपुट ग्राउंडजवळ चालत नाहीत.

एमसीपी६००२ रेल-टू-रेल आहे, म्हणजे त्याचं आउटपुट सप्लायच्या जवळजवळ दोन्ही टोकांपर्यंत जातं. हलक्या भाराला तो दोन्ही टोकांच्या २५ मिलिव्होल्टपर्यंत पोचतो; भार वाढवलात तर हे अंतरही वाढतं. पिना एलएम३५८सारख्याच, त्यामुळे त्याच सॉकेटमध्ये बसतो. गोची इथेच होते: त्याला सप्लाय ६ व्होल्टपर्यंतच चालतो. नऊची बॅटरी लावलीत की गेला.

एलएम३५८लाच १२ व्होल्ट द्यायचे? आउटपुट वर जाईल खरं, पण गेनची एखादी वायर सुटली तर आर्डुइनोच्या पाच व्होल्टच्या पिनवर दहा व्होल्ट जातील. मी तरी तो मार्ग घेणार नाही.

सप्लाय ३.३ व्होल्टचा असेल तर डोळे मिटून एमसीपी६००२ घ्या. पाचवर मात्र नवा आयसी आणण्याआधी गेन पाचवर आणून बघा. ४४ अंशांना २.२ व्होल्ट होतात, एलएम३५८ आरामात पेलतो. उनो व्होल्टेज पायऱ्यांमध्ये मोजतो; त्याची एक पायरी ४.९ मिलिव्होल्टची, म्हणजे अंशाला दहा पायऱ्या. खोलीच्या तापमानाला आणखी काय हवं? दहाच्या गेनसाठी लावलेल्या ९ किलोओहमच्या जागी ३.९ किलोओहमचा रेझिस्टर आणि ग्राउंडकडे तोच १ किलोओहमचा ठेवलात तर गेन ४.९ येतो. कोडमध्येही तोच आकडा घाला.