बॉडलियनची झिजलेली प्रत: घरबसल्या बघावी अशी

माझा धंदा जुन्या पुस्तकांच्या दुरुस्तीचा आणि बांधणीचा. त्यामुळे दुर्मीळ ग्रंथ समोर आला की मजकुराआधी माझी नजर कडांवर, शिवणीवर आणि पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूवर जाते. ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या बॉडलियन ग्रंथालयाने शेक्सपिअरच्या फर्स्ट फोलिओची आपली प्रत ऑनलाइन ठेवली आहे. पानन् पान फुकट बघता येतं, मोठं करता येतं, उतरवूनही घेता येतं. माझ्यासारख्या माणसाला यापेक्षा चांगली सोय मला माहीत नाही.

फर्स्ट फोलिओ म्हणजे १६२३ साली छापलेला ३६ नाटकांचा एकत्र ग्रंथ. त्यातली निम्मी नाटकं त्याआधी छापलीच गेली नव्हती. 'मॅकबेथ' आणि 'द टेंपेस्ट' त्यातलीच. आज जगात याच्या दोनशेहून जास्त प्रती आहेत, पण एकोणिसाव्या शतकातल्या हौशी मालकांनी त्यातल्या कितीतरी धुऊन, कडा कापून, नव्या चामड्यात बांधून घेतल्या. दिसायला सुरेख, पण वाचणाऱ्यांच्या हातांच्या खुणा त्यात पुसल्या गेल्या. बॉडलियनच्या प्रतीवर ही वेळ आली नाही.

तिची हकिगत ऐकण्यासारखी आहे. ग्रंथालयाचे संस्थापक थॉमस बॉडली यांना छापील नाटकं म्हणजे कचरा वाटायचा; १६१२ मध्ये त्यांनी ग्रंथपालाला तसं लिहूनही कळवलं होतं. पण १६१० च्या करारानुसार लंडनच्या मुद्रक-प्रकाशकांच्या संघाकडून नवी पुस्तकं ग्रंथालयाला यायची. बॉडली १६१३ साली वारले आणि पुढे फोलिओ आला तो सुट्या कागदांत, न बांधलेला. १७ फेब्रुवारी १६२४ रोजी तो विल्यम वाइल्डगूस या बाइंडरकडे गेला, अशी नोंद आहे. आमच्या धंद्यातल्या माणसाचं नाव चारशे वर्षं टिकून राहिलंय, याचं मला फार अप्रूप वाटतं. त्याने साध्या वासराच्या चामड्यात तो बांधला, आणि मग साखळीने कपाटाला अडकवून वाचकांसाठी ठेवला गेला.

१६६४ च्या सुमारास तिसरी आवृत्ती आली. नवी आली, जुनी कशाला, म्हणून ग्रंथालयाने ही प्रत विकून टाकली. मग १९०५ साली ग्लॅडविन टरबट नावाचा विद्यार्थी घरचं एक जुनं पुस्तक घेऊन बॉडलियनमध्ये सल्ला विचारायला आला, तेव्हा ग्रंथालयातल्या स्ट्रिकलंड गिब्सन यांनी बांधणी ओळखली. साखळीची खूणही पुठ्ठ्यावर होती. तेवढ्यात अमेरिकेतले ग्रंथसंग्राहक हेन्री फोल्जर त्यासाठी ३,००० पाउंड द्यायला तयार झाले. ग्रंथालयाजवळ एवढा पैसा नव्हता. अखेर लोकवर्गणी जमवून १९०६ मध्ये त्यांनी स्वतःच विकलेलं पुस्तक परत घेतलं. कुठलीही बांधणी बदलण्याआधी दोनदा विचार का करावा, हे मी हाताखालच्या मुलांना याच गोष्टीतून सांगतो. वाइल्डगूसचं चामडं कुणी सोलून काढलं असतं, तर गिब्सनना ओळखायला उरलं काय असतं?

आता प्रत्यक्ष पानांकडे. सरळ 'रोमिओ अँड ज्युलिएट' उघडा. सगळ्या ग्रंथात सर्वात जास्त झीज इथे आहे, आणि त्यातही बाल्कनीच्या प्रवेशासमोरचं पान बघा. कागद मऊ पडलाय, कडा खाल्ल्यासारख्या झाल्यात. समोरचा प्रवेश वाचताना या पानावर हात नाहीतर कोपर टेकत असणार. पुस्तक साखळीला बांधलेलं, ते उचलून मांडीवर घेता येत नव्हतं, म्हणजे सगळा भार पानावरच. पाणी लागलेलं पान वेगळं दिसतं, किडीने खाल्लेलं वेगळं. ही झीज माणसांच्या वाचण्याची आहे. चाळीस वर्षांत त्या दालनात लोकांना काय आवडलं, हे कुठल्याही नोंदवहीपेक्षा हे पान स्पष्ट सांगतं. नंतर पुढेमागे चाळा, इतर नाटकांची पुष्कळ पानं बरीच ठणठणीत आहेत.

स्कॅन करण्याआधी त्यांनी दुरुस्ती केली, त्यासाठी २०१२ मध्ये लोकांकडून देणग्या मागितल्या. दुरुस्ती अगदी बेताची: फाटकं पान आणखी फाटू नये एवढाच आधार. नवी बांधणी नाही, गेलेला मजकूर भरून काढणं नाही. मी हे काम केलं असतं तर माझा हात एवढा आवरला असता का, याची खात्री देत नाही, आणि म्हणूनच त्या लोकांबद्दल मला मनापासून आदर आहे. २०१३ मध्ये चित्रं सगळ्यांसाठी खुली झाली.

उणीव एकच, आणि ती कुठल्याही स्कॅनची: पान उजेडासमोर धरून कागदाची वीण बघता येत नाही, आणि दोन पानांच्या मधल्या खाचेत शिवण कुठे बसलीय हे कळत नाही. तीन कागद एकात एक दुमडून सहा पानांची एक घडी, अशी या ग्रंथाची रचना आहे. ती समजून घ्यायची असेल तर पानांच्या तळाशी छापलेली छोटी अक्षरं आणि आकडे बघत जा, घडी कुठे सुरू होते ते त्यावरून लागतं. फोनवर हे जमणार नाही, मोठा पडदा घ्या.